बोट्रिलस की हायड्रा? नागपुरातून निवड करताना

एम.एस्सी. झूऑलॉजीला प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की पुनर्जननाकडे ओढले जाणारे विद्यार्थी दरवर्षी निघतातच. मूलपेशी, तुटलेलं शरीर पुन्हा उगवणं, म्हातारपण हे सगळं त्यांना खुणावतं. आजवर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: हायड्रा, हा नळीसारखा इवलासा प्राणी. आता काही जण बोट्रिलस या समुद्री प्राण्याचंही नाव घेऊन येतात. दोन्ही प्राणी पुनर्जननात तरबेज आहेत, पण त्यांच्याकडून मिळणारी उत्तरं वेगळी आहेत, आणि सांभाळायचा खर्च तर फारच वेगळा.

बी.एस्सी.ला हर्डमानिया सगळ्यांनी वाचलेला असतो. तो एकांडा ॲसिडियन, म्हणजे एका जागी चिकटून राहणारा पिशवीसारखा समुद्री प्राणी. बोट्रिलस श्लोसेरी त्याच्याच गोतातला, पण वसाहत करून राहणारा. काही मिलिमीटरचे जीव, म्हणजे झूऑइड, फुलाच्या पाकळ्यांसारखे एका सामायिक छिद्राभोवती बसतात. सगळ्यांवर एकच पारदर्शक आवरण, आणि सगळ्यांमधून एकच रक्त फिरतं. साधारण १८ ते २० अंश तापमानाला आठवडाभरात ही अख्खी पिढी बदलते. प्रौढ झूऑइड स्वतःहून मरतात, त्यांचे अवशेष भक्षक पेशी गिळून टाकतात आणि शेजारच्या कळ्या मोठ्या होऊन त्यांची जागा घेतात. त्या कळ्यांवर तोवर पुढच्या कळ्या धरलेल्या असतात, म्हणजे एका वसाहतीत एकाच वेळी तीन पिढ्या. हृदय, आतडं, मेंदू सगळं दर आठवड्याला नवं. काचपट्टीवर वाढवलेली वसाहत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की हे जिवंत दिसतं. हृदय मध्येच थांबून रक्त उलट्या दिशेने ढकलू लागतं तेही दिसतं. जवळच्या नात्यातल्या बोट्रिलॉइडिसची मजल आणखी पुढची: रक्तवाहिनीच्या तुकड्यातून तो पूर्ण प्राणी उभा करतो.

माझ्या मते बोट्रिलसची खरी किंमत मात्र पुनर्जननात नाही, आपलं-परकं ओळखण्यात आहे. दोन वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडल्या की एक तर त्यांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, नाहीतर स्पर्शाच्या जागी काळसर डाग पडून दोघी तुटतात. बॅनक्रॉफ्ट या प्राणिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये हे नोंदवलं. निकाल गुणसूत्रावरच्या एकाच जागेवर ठरतो: तिथला एक जरी ॲलील, म्हणजे जनुकाचं एखादं रूप, सामायिक असला तरी जोड होते. म्हणून जन्मदाती वसाहत आणि तिचं पिल्लू नेहमी जुळतात, सख्खी भावंडं बहुतेकदा, आणि परकी क्वचितच. जोड झाल्यावरही गोडीगुलाबी असेलच असं नाही. एकीच्या मूलपेशी रक्तातून दुसरीत शिरतात आणि कधी कधी तिच्या जननग्रंथीच बळकावतात. शरीर एकीचं, अंडी-शुक्राणू दुसरीचे! या जागेवरचं नेमकं जनुक कोणतं, यावर २००५ मध्ये एक दावा आला, २०१३ मध्ये दुसरा. अवयव प्रत्यारोपणाशी याचं साम्य उघड आहे, पण प्रत्यारोपणात जुळवून पाहिल्या जाणाऱ्या आपल्या एचएलए जनुकांचा हा पूर्वज आहे असं कुठे वाचलंत तर विश्वास ठेवू नका. ती जनुकं वेगळीच आहेत.

वंशाचा मुद्दाही बोट्रिलसच्या बाजूने जातो. पृष्ठवंशीयांचे, म्हणजे कणा असलेल्या प्राण्यांचे, सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक ट्युनिकेट, म्हणजे बोट्रिलस ज्या गटात येतो ते प्राणी, आहेत, हे २००६ नंतर सर्वमान्य झालं. २०१८ मध्ये बोट्रिलसच्या रक्तात आपल्यासारख्याच रक्तनिर्मितीच्या मूलपेशी दाखवल्या गेल्या. हायड्राला ना रक्त, ना हृदय.

पण हायड्रा गोड्या पाण्यातला आहे, आणि नागपूरकरासाठी निम्मा निकाल इथेच लागतो. थंडीच्या दिवसांत तळ्यातल्या पाणवनस्पती आणून काचेच्या भांड्यात स्थिर ठेवा, हायड्रा मिळण्याची बरीच शक्यता असते. खायला आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्लं. अंडी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. डोकं कापलं तर तीनेक दिवसांत नवं येतं, त्यामुळे एका सेमिस्टरमध्ये प्रयोग चुकवून पुन्हा करायला सवड राहते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर अनेक वर्षं काम झालंय, म्हणजे शिकायला राज्याबाहेर जायला नको. मे महिन्याच्या ४५ अंशांत त्यालाही बीओडी इनक्युबेटर, म्हणजे तापमान थंड ठेवणारं कपाट, लागतो, पण तो बहुतेक विभागांत असतोच.

बोट्रिलसचं तसं नाही. मुंबईचा समुद्र आठशेहून अधिक किलोमीटरवर. कृत्रिम मिठाचं पाणी करता येतं, पण क्षारता रोज तपासा, पाणी थंड ठेवा, वर खाद्य म्हणून सूक्ष्म शैवाल स्वतः वाढवा. सुट्टीच्या दिवशी रात्री वीज गेली की पाणी तापतं, आणि महिन्यांची मेहनत सकाळपर्यंत संपते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी नागपुरात जिवंत बोट्रिलस पाळायला मी कुणालाही सांगणार नाही.

हायड्रॅक्टिनिया नावाचा हायड्राचा वसाहती नातेवाईक स्व-पर ओळखतो खरा, पण तोही समुद्रातलाच. प्लॅनेरिया हा चपटा कृमी गोड्या पाण्यातला, कलेजीवर जगणारा, आणि हायड्राइतकाच सोयीचा. मूलपेशी हाच विषय असेल तर त्याचाही विचार करा.

प्रश्न प्रतिकारशक्तीचा किंवा प्रत्यारोपणाचाच असेल तर हायड्रावर समाधान मानू नका. बोट्रिलसचा जीनोम, म्हणजे जनुकांचा संपूर्ण संच, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालाय आणि खुला आहे. प्रोजेक्ट संगणकावर करा: एखादं जनुककुल घ्या, सिओना या एकांड्या ॲसिडियनशी आणि माणसाशी ताडून पाहा. त्याला इंटरनेट लागतं, समुद्र नाही. जिवंत वसाहती पीएच.डी.साठी राखून ठेवा आणि अर्ज किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांकडे करा. बोट्रिलॉइडिस भारतीय बंदरांतही आढळतो. परदेशात जायचं असेल तर इटलीतलं पादोवा विद्यापीठ आणि कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्डचं हॉपकिन्स मरीन स्टेशन ही या कामाची जुनी ठिकाणं. अर्जात जीनोमवरचं काम दाखवता आलं तर नागपूरला समुद्र नसल्याने काही अडत नाही.