गोरेगावहून कंपोटला बिऱ्हाड हलवलं, त्या शिफ्टिंगवाल्यांचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव टाकत नाही, कारण त्यांच्या पॅकिंगवाल्या पोरांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये मला. वेस्टर्न लाइनवर ऑफिस आहे आणि 'परदेशात डोअर टू डोअर' अशी जाहिरात करतात, अशा कंपन्या मुंबईत ढिगाने आहेत त्यातलीच एक. माझ्याकडून पाचपैकी अडीच. पण हा अडीच सरसकट नाही हां, पॅकिंगला पूर्ण पाच, व्हिसाला भोपळा, आणि 'सेटलिंग इन' म्हणून जे काय विकतात त्याचं पुढे सांगते.

कंपोट कुठेय हे आमच्या सोसायटीत कोणालाच माहीत नव्हतं म्हणून आधी ते. कंबोडियाच्या दक्षिणेला, फ्नॉम पेन्हपासून साधारण दीडशे किलोमीटर, समुद्र जवळ, गाव मात्र नदीच्या काठावर. समोर बोकोरचा डोंगर, तिथे फ्रेंचांनी १९२० च्या दशकात थंड हवेचं ठिकाण वसवलं होतं. गावाच्या मोठ्या चौकात पुतळा कुणाचा, तर ड्युरियनचा, म्हणजे त्या वासवाल्या फणसासारख्या फळाचा! आणि काळी मिरी. कंपोटच्या मिरीला तिथल्या सरकारने २०१० मध्ये जीआय, म्हणजे त्या गावच्याच मालाला ते नाव लावता येईल असा शिक्का दिला, युरोपने २०१६ मध्ये, त्यामुळे मिरीच्या मळ्यांवर टुरिस्ट जातात. नवऱ्याचं काम ऑनलाइन, माझं ट्रान्सलेशनचं, मुलगी पुण्यात नोकरीला, मग म्हटलं काही वर्षं राहून बघू शांत ठिकाणी. फ्लॅट भाड्याने दिला आणि ह्यांना गाठलं.

पॅकिंगचं कौतुक करायलाच हवं. सकाळी चार पोरं आली, त्यातला मोठा सावंतवाडीकडचा, त्याने आल्या आल्या किचनचा ओटा बघितला आणि म्हणाला, ताई, कुकरच्या शिट्ट्या वेगळ्या काढून द्या. मग प्रत्येक शिट्टी आणि रिंग एका झिपवाल्या पिशवीत घालून ती त्या त्याच कुकरच्या दांड्याला टेपने चिकटवली, झाकण उलटं ठेवलं, आत पेपरचे गोळे भरले, आणि खोक्यावर मार्करने मराठीत लिहिलं 'कुकर ५ ली., शिट्टी आत'. पुरणयंत्राच्या जाळ्यासुद्धा एकेक पेपरात. इंग्लिश लिस्ट वेगळी केली कस्टमसाठी, त्यात 'पुरणयंत्र' काय लिहायचं यावर दोघांची पाच मिनिटं चर्चा झाली. तिकडे खोकी उघडली तेव्हा एक कप फुटलेला, तोही आधीच चीर गेलेला होता. ही टीम मिळत असेल तर डोळे मिटून घ्या.

आता व्हिसा. यांच्या पॅकेजमध्ये 'व्हिसा असिस्टन्स' आहे, त्याचे वेगळे पैसे. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, मॅडम टेन्शन नका घेऊ, टुरिस्टवर जा, तिकडे वाढवून मिळतो. मिळतो, पण एकदाच, आणि फक्त एक महिना. राहायला जाणाऱ्याला जो लागतो तो ई टाइपचा, ऑर्डिनरी म्हणतात त्याला, त्याची फी ३५ डॉलर आणि टुरिस्टची ३०, म्हणजे पाच डॉलरचा फरक आहे हो सगळा. ई घेतला की पहिले ३० दिवस आणि मग देशात बसूनच १, ३, ६ किंवा १२ महिन्यांनी वाढवता येतो, नोकरी-धंदा, रिटायरमेंट, कामाचा शोध असे प्रकार असतात त्यात, आपण कशात बसतो ते तिथल्या एजंटला विचारून घ्यायचं. टुरिस्टचा मात्र तिथे बसून ई होत नाही, बाहेर पडा आणि नवा घेऊन परत या. म्हणून आम्ही दोघं सामान नीट लागलेलंसुद्धा नसताना बँकॉकला जाऊन आलो, तिकिटं आमच्या खिशातून, मुदत संपल्यावर राहिलात तर दिवसाला १० डॉलर दंड म्हणून थांबायचीही सोय नाही. यांना फोन केला तर म्हणे टुरिस्टवाला पण व्हिसाच आहे ना मॅडम.

आणि हे कोणीच सांगत नाही म्हणून लिहिते, मुंबईकरांनी तर भिंतीवर लिहून ठेवा: १ आणि ३ महिन्यांचं एक्स्टेन्शन सिंगल एंट्री असतं. म्हणजे स्वस्तात पडतं म्हणून ३ महिन्यांचं घेतलंत आणि मध्येच गणपतीला घरी आलात की ते गेलं, परत जाताना सगळं पहिल्यापासून. ६ आणि १२ चं मल्टिपल असतं. ज्याच्या घरी गणपती बसतो त्याने सरळ १२ चं घ्यावं.

अजून एक, कंबोडियाचा ई-अरायव्हल फॉर्म. मोबाइलवर भरायचा, पोचायच्या आधीच्या सात दिवसांत, आणि तो फुकट आहे. यांच्या बिलात प्रत्येकी दीड हजार लावलेत त्याचे, 'इमिग्रेशन डॉक्युमेंटेशन' नावाने. बिल नीट वाचत जा.

सामान समुद्रामार्गे गेलं, न्हावाशेवाहून. त्याला वेळ लागतो ते ठीकच आहे, पार्ट लोड, म्हणजे कंटेनर दुसऱ्यांच्या सामानासोबत वाटून घेतलेला असेल तर मध्ये दुसऱ्या बोटीवर चढतं. पण कंबोडियाचं मोठं बंदर सिहानूकविल, आणि ते कंपोटपासून शंभरेक किलोमीटरवर. यांनी माल तिथे उतरवून आमच्या गावाला वळसा घालत वर फ्नॉम पेन्हला गोडाऊनमध्ये नेला आणि मग तिथून पुन्हा खाली कंपोटला आणायचे एक्स्ट्रा मागितले. यांच्या लेखी कंबोडिया म्हणजे फ्नॉम पेन्ह. डोअर टू डोअरमधला दुसरा डोअर नक्की कोणाचा हे कोटेशनमध्ये गावाच्या नावासकट लिहून घ्या.

सेटलिंग इन म्हणजे फ्नॉम पेन्हमधला एक माणूस व्हॉट्सॅपवर. तो कंपोटला कधी आलाच नव्हता बहुतेक. घर आम्ही गेस्ट हाऊसमध्ये राहून, सायकलवर फिरून शोधलं, २५० डॉलरला वरचा मजला, गॅलरीतून नदी दिसते, संध्याकाळी मच्छीमार होड्या ओळीने समुद्राकडे जातात. भाडेकरू परदेशी असेल तर घरमालकाने त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, ती नसेल तर व्हिसा वाढत नाही. यांच्या माणसाला त्याची खबर नाही. आमच्या मालकीणबाईंनी पासपोर्टचे फोटो काढून मोबाइलवर करून टाकलं, माझा चहा संपायच्या आत. लाइटचं मीटर रीडिंग मात्र आल्या दिवशी फोटो काढून ठेवा, युनिटचा रेट मालकाशी आधी बोला, एसी लावणार असाल तर नक्कीच.

डॉलरचंही यांनी धड सांगितलं नाही. तिथे डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, ढोबळमानाने ४,००० रिएलचा एक डॉलर, सुट्टे रिएलमध्ये मिळतात. पण नोट जरा फाटलेली, पेनाची खूण असलेली असेल तर भाजीवालीसुद्धा परत करते. इथे फोर्टात नाहीतर पार्ल्यात जिथून घ्याल तिथे काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून बघा, आणि शंभराच्या कमी, पाच-दहाच्या जास्त मागा. पुढे तिकडे बँकेत खातं उघडलं की क्यूआरने सगळं होतं.

सामान काय न्यावं यावर हे लोक 'मॅडम सगळं घ्या' म्हणणार, कारण रेट घनफुटावर आहे. मिक्सर आणि कुकर न्या, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आहे, फक्त आपली जाडी तीन पिन तिथल्या भिंतीत शिरत नाही, अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या, लोहार चाळीत स्वस्त मिळतात. तूरडाळ, गोडा मसाला, पोहे, हिंग न्या, गावात नाही मिळत. नारळ, कैरी, हळद, कोथिंबीर, केळीची पानं बाजारात भरपूर. लाकडी कपाटं, पुस्तकं, गाद्या अजिबात नको, मे ते ऑक्टोबर तिथेही नैऋत्य मोसमीच, मागे डोंगर असल्यामुळे धो धो, आणि आमच्या बुकशेल्फच्या मागच्या प्लायला जुलैमध्येच बुरशी आली. दुखणं मोठं असेल तर फ्नॉम पेन्हलाच जावं लागतं, त्यामुळे रोजच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट घ्या आणि इन्शुरन्स काढा, यांच्या पॅकेजमधला इन्शुरन्स फक्त सामानाचा आहे.

तर ह्यांच्याकडे जायचंच असेल तर फक्त पॅकिंग आणि न्हावाशेवा ते सिहानूकविल एवढंच घ्या, भाव करा, उतरतात. पुढचा ट्रक तिकडे स्वतः ठरवा. व्हिसा आपला आपण. आमच्या बिलातले ते ई-अरायव्हलचे तीन हजार परत देतो म्हणालेत मॅनेजर, अजून आलेले नाहीत, आले तर पाऊण स्टार वाढवीन.