हँडल सरळ, गाडी डावीकडे!
पाचगणीजवळ आमच्या दोन एटीव्ही (हँडलच्या, जाड टायरवाल्या चारचाकी) आहेत, पर्यटकांना फिरवायला. लाल गाडी दगडावर आपटल्यापासून डावीकडे ओढायची. आधी एका कार अलाइनमेंटवाल्याकडे नेली. त्याच्या मशीनचा क्लॅम्प एवढ्याशा रिमला बसेना, तरी पैसे घेतलेच.

मग साताऱ्याच्या एमआयडीसीतलं हे गॅरेज. मिस्त्रींनी लगेच पाना उचलला नाही. आधी हवा बघितली: पुढच्या एका चाकात ५ पीएसआय, दुसऱ्यात ३! ती सारखी केली. चाक धरून गदागदा हलवलं, बॉल जॉइंटमध्ये (चाकाजवळचा गोल सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही ना म्हणून. हँडल सरळ बांधलं, दोन्ही टायरवर मधोमध खडूच्या खुणा केल्या, एक्सलच्या उंचीला पुढून टेप लावला. गाडी ढकलून त्याच खुणा मागे आणल्या, परत मोजलं. पुढचं अंतर २० मिलिमीटर जास्त. चाकं पार फाकलेली. टाय रॉडचे (हँडलने चाकं वळवणारे दांडे) चेक नट, म्हणजे रॉड जागेवर धरणारे नट, सैल करून दोन्ही रॉड सारखेच फिरवले, फरक ४ वर आणला. "एकच फिरवला तर हँडल वाकडं राहतं, दादा."

४०० रुपये, दीड तास. बसायला फक्त एक जुना टायर, आणि फोन उचलतील तर शपथ. आता लाल गाडी हात सोडला तरी सरळ जाते (पर्यटकांना हे सांगत नाही).