महापौरांनी बोलावे कुठे? बालगंधर्व रंगमंदिराचे एका श्रोत्याने केलेले परीक्षण

बालगंधर्व रंगमंदिराविषयी लिहिणारे बहुतेक लोक नाटकाच्या निमित्ताने लिहितात. प्रयोग कसा रंगला, खुर्च्या कशा होत्या, मध्यंतरातला बटाटावडा गरम मिळाला की नाही, हे त्यांचे विषय. माझा निकष वेगळा आहे. पुण्याच्या महापौरांना वर्षातून एकदा नागरिकांसमोर उभे राहून शहराचा हिशेब द्यायचा असेल, तर त्यासाठी ही वास्तू कितपत योग्य आहे, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. गेली तीस-एक वर्षे मी येथे येतो. तळमजल्यावर बसलो आहे, आणि खिसा हलका होता त्या काळात बाल्कनीतही बसलो आहे.

पहिली जमेची बाजू मालकीची. खासगी मंगल कार्यालयात किंवा मोठ्या हॉटेलच्या सभागृहात भाषण ठेवले की खर्च कोणी केला हा प्रश्न भाषणाआधीच उभा राहतो. रंगमंदिर महापालिकेचे आहे, म्हणजे कर भरणाऱ्यांचे आहे. येथे महापौर आणि श्रोते दोघेही आपल्याच घरात असतात. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ रोजी आला आणि मुठेच्या काठचे पुणे उद्ध्वस्त झाले. त्याच मुठेच्या काठी पुढच्याच वर्षी, स्वतः बालगंधर्व हयात असताना, या वास्तूचे भूमिपूजन झाले, आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, ती खुली झाली. तो दिवस पाहायला मात्र ते राहिले नव्हते. पुरातून सावरणाऱ्या शहराने आधी नाट्यगृह बांधायला घ्यावे, हे अस्सल पुणेरी वाटते. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले, पाहिल्याशिवाय मी आजही आत जाऊन बसत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ऐकू येणे आणि दिसणे. सुमारे हजार आसनांचे हे प्रेक्षागृह बोललेल्या शब्दासाठी बांधलेले आहे. नटाचे हळू उच्चारलेले वाक्य मागच्या रांगेत पोहोचावे, ही नाट्यगृहाची पहिली गरज असते आणि भाषणालाही नेमके तेच हवे असते. ध्वनिक्षेपकाचा आवाज कानठळ्या बसेपर्यंत वाढवण्याचे कारण येथे उरत नाही. उणीव आहे ती प्रकाशाची. नाटकाच्या सवयीने प्रेक्षागृहातले दिवे मालवले जातात आणि सगळा झोत रंगमंचावर जातो. मग वक्त्याला समोर केवळ अंधार दिसतो. ज्याला आपले श्रोते दिसत नाहीत, तो हळूहळू स्वतःशीच बोलू लागतो. महापौरांच्या भाषणाला प्रेक्षागृहातले दिवे शेवटपर्यंत चालू ठेवावेत, ही माझी पहिली अट आहे. दुसरी अट अशी की फिरता ध्वनिक्षेपक बाल्कनीतही जावा, कारण उशिरा पोहोचलेला, नोकरी संपवून थेट आलेला माणूस तेथेच बसलेला असतो.

काहींचा आग्रह शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणाचा असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या सभांनी त्या जागेला जे वजन दिले, ते कोणत्याही बंदिस्त सभागृहाला येणार नाही, हे मान्य. पण सभा वेगळी आणि हिशेब वेगळा. पटांगणात आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढला की आकडे मागे पडून घोषणा पुढे येतात. शेजारच्या शिवाजी रस्त्यावरून बसगाड्यांची रांग चालू असताना मिळकतकराचा हिशेब कोण शांतपणे ऐकणार? दुसरा पर्याय महापालिकेच्या इमारतीतील सभागृहाचा. तेथे महापौर मुख्य सभेचे अध्यक्ष म्हणून बसतात आणि नगरसेवक बोलतात. नागरिकाचे स्थान प्रेक्षक कक्षात, तेही गप्प बसण्याच्या बोलीवर. कामकाजासाठी ती जागा उत्तम, पण नागरिकांशी बोलण्यासाठी नव्हे.

जागेइतकेच महत्त्व तेथील शिस्तीला आहे, हे मला एका अनुभवाने शिकवले. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या सभागृहात झालेल्या नागरिक मेळाव्याला गेलो होतो. पहिल्या दोन रांगांवर ‘राखीव’ अशी चिठ्ठी लावलेली होती आणि त्या रांगा शेवटपर्यंत अर्ध्या रिकाम्या राहिल्या. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांत पाऊण तास गेला. व्यासपीठावर माणसे इतकी, की निवेदकाला नावे वाचताना दोनदा पाणी प्यावे लागले. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी दोनशेपानी वहीत महिनाभर नळाला पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले, याच्या नोंदी ओळीने लिहून आणल्या होत्या. प्रश्नांसाठी दहा मिनिटे उरली. काकूंनी हात वर केला, तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झाले होते.

रंगमंदिरात या रोगावर औषध आयते आहे, ते म्हणजे घंटा. पहिली, दुसरी आणि तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो, हे येथे येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले आहे. महापौरांचे भाषण तिसऱ्या घंटेला सुरू व्हावे, सत्कार अजिबात नसावेत, आणि मध्यंतरानंतरचा पूर्ण वेळ प्रश्नांचा असावा. रंगमंचावर हारांनी लादलेले टेबल न ठेवता महापौरांसोबत आयुक्त आणि खातेप्रमुख बसावेत. कारण आपल्याकडे महापौर शहराचे प्रथम नागरिक असले, तरी अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे असतो. खडकवासला धरणसाखळीत पाणी किती आहे, हे महापौर सांगतील. पण आमच्या गल्लीत ते का चढत नाही, याचे उत्तर पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यालाच देता येईल.

एक अडचण मात्र या वास्तूच्या हातातली नाही. शहर फार पसरले आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे महापालिकेत आली. त्यांतल्या दोन गावांची पुढे वेगळी नगरपरिषद झाली, तरी वाघोलीच्या माणसाने नगर रस्त्याची कोंडी ओलांडून संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर यावे, ही अपेक्षा निर्दयी आहे. ज्यांच्या तक्रारी सर्वांत जास्त, त्यांनाच सर्वांत लांबून यावे लागते. म्हणून वर्षाचा मुख्य हिशेब बालगंधर्वमध्ये आणि उरलेले कार्यक्रम हडपसरच्या विठ्ठल तुपे नाट्यगृहात, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात, औंधच्या भीमसेन जोशी कलामंदिरात, असे फिरते ठेवावेत. महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असते; एवढ्या काळात प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एकदा जाऊन येणे अवघड नाही.

तारखेचीही काळजी घ्यावी लागेल. शनिवार-रविवारचे प्रयोग हा नाट्यसंस्थांचा पोटापाण्याचा प्रश्न आहे. ठरलेला प्रयोग हटवून महापौर बोलायला उभे राहिले, तर निम्मे पुणे भाषण सुरू होण्याआधीच रुसेल. मंगळवार किंवा बुधवारची संध्याकाळ पुरेशी आहे. हे रंगमंदिर पाडून नवे बांधण्याचा प्रस्ताव काही वर्षांपासून चर्चेत आहे आणि त्याला कलावंतांचा व रसिकांचा विरोधही झाला आहे. त्याविषयी महापौरांना जे सांगायचे असेल, ते त्यांनी याच रंगमंचावरून, याच खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना सांगावे, असे मला वाटते.

गुण द्यायचेच तर श्रवणासाठी पाचपैकी पाच, मालकीच्या भावनेसाठी पाच, पोहोचण्याच्या सोयीसाठी तीन. वाहन आणू नये. छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानक चालत येण्याच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की मागचा नदीपात्रातला रस्ता बंद होतो, तेव्हा त्या बाजूने येण्याचा विचार सोडून द्यावा. गुडघे दुखत असतील तर बाल्कनीऐवजी तळमजल्यावर जागा धरावी. आणि प्रश्न विचारायचा असेल तर त्या काकूंसारखी वही बरोबर आणावी, मात्र मधल्या वाटेशेजारची खुर्ची पकडावी, म्हणजे ध्वनिक्षेपक हातात यायला वेळ लागत नाही.