आठ महिन्यांनंतर कंट्रोलर: सगळं अडलं डाव्या मोटरवर

गेल्या सोमवारी रात्री गेम लावला तर उजवी मूठ थरथरतेय आणि डावी गप्प. आठ महिन्यांपूर्वी 2,799 रुपये मोजून हा कंट्रोलर घेतला, तेव्हा व्हायब्रेशनसाठी वेगळे पन्नास रुपये मागितले असते तर मी दिले नसते. आणि आज लिहायला बसलोय ते त्याच्यावरच. स्टिक, बटणं, ब्लूटूथ सगळं ठीक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी व्हायब्रेशन बंद करून टाकलं होतं. एक तर चार्जिंग: चालू ठेवलं की दोन संध्याकाळी पुरायचं, बंद केलं की जवळजवळ चार. दुसरं म्हणजे बंदुकीच्या गेममध्ये गोळी सुटली की घर्र, लागली की घर्र, दार उघडलं तरी घर्र. सगळ्याला तीच घर्र, तर त्यातून कळायचं काय? निव्वळ दिखावा, असं चार मित्रांना ऐकवूनही झालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला आणि न विचारता सेटिंग चालू करून गेला. मी आळसाने तसंच राहू दिलं. पंधरा दिवसांनी लक्षात आलं, की रेसिंग गेममध्ये वळणावर मी ब्रेक सोडतो ते स्क्रीन बघून नाहीच. चाकं लॉक व्हायला लागली की डाव्या मुठीत जाड, संथ थरथर येते आणि बोट आपणहून ढिलं पडतं. खऱ्या गाडीत हे सीटमधून, पाठीतून कळतं. सोफ्यावर बसलेल्याला ते कुठून कळणार?

हे पटलं तोवर डाव्या मुठीतली थरथर देणारी मोटर गेली. कशी गेली तेही ऐका. गेममधला सिनेमा सुरू होता म्हणून कंट्रोलर काचेच्या टीपॉयवर ठेवला आणि पोहे आणायला उठलो. पडद्यावर स्फोट झाला, कंट्रोलर घरघरत कडेपर्यंत सरकला आणि थेट फरशीवर. स्वतःच्याच व्हायब्रेशनने पडून स्वतःचंच व्हायब्रेशन घालवलं.

मग मुद्दाम तोच ट्रॅक, तीच गाडी घेऊन दहा लॅप मारले. माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा प्रत्येक लॅप दोन-तीन सेकंदांनी मागे. उजवी छोटी मोटर डासासारखी गुणगुणत होती, पण ब्रेकचं काही सांगत नव्हती.

कंपनीशी आठवडाभर मेलामेली चालली. नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको. पडल्याचंही खरं सांगितलं, व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर आलं: मोटर हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही, नवा घेतलात तर वीस टक्के सूट. म्हणजे एका तारेपायी पुन्हा दोन हजारांच्या वर!

तार म्हणतोय, कारण शेवटी जेल रोडवर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने पाच स्क्रू काढून झाकण उघडलं आणि म्हणाला, "भैया, इसमें तो कुछ जला ही नहीं है." मोटरची लाल तार डाखेतून सुटली होती, बस. तेव्हा ती मोटर पहिल्यांदा नीट पाहिली. दांड्यावर अर्धचंद्रासारखं लोखंडी वजन, मुद्दाम एका बाजूला. वॉशिंग मशीनमध्ये ओले कपडे एकीकडे गोळा झाले की मशीन जशी नाचते, तीच युक्ती. डावीकडे मोठं वजन म्हणून दणका, उजवीकडे छोटं म्हणून गुणगुण. निन्टेन्डोने 1997 मध्ये एन64 या गेमिंग कन्सोलसाठी कंट्रोलरला जोडायचा जो थरथरणारा रंबल पॅक काढला, त्याच्याही मुळाशी हेच.

राजेंद्र नगरच्या चुलतभावाकडचा जुना पीएस3, म्हणजे प्लेस्टेशन 3 कन्सोल, आठवला. 2006 मध्ये सोनीने त्याचा कंट्रोलर व्हायब्रेशनविना आणला होता. व्हायब्रेशनच्या पेटंटवरून इमर्शन नावाच्या कंपनीशी खटला चालू होता. हातात धरला की रिकाम्या डब्यासारखा वाटायचा. पुढच्याच वर्षी ड्युअलशॉक 3 हा नवा कंट्रोलर काढून व्हायब्रेशन परत आणावं लागलं. नुसता दिखावा असता तर कशाला आणलं असतं?

त्याच भावाकडे आता पीएस5 आहे. त्याच्या कंट्रोलरमध्ये फिरणारं वजन नाही, स्पीकरच्या कॉइलसारखी मागे-पुढे हलणारी मोटर आहे. ॲस्ट्रोज प्लेरूम या गेममध्ये पाऊस पडतो तेव्हा थेंब तळहातावर मोजता येतील इतके सुटे लागतात. खोटं कशाला बोलू, मी दहा मिनिटं नुसता पावसात उभा होतो. पण त्यासाठी अख्खा पीएस5 घेणं माझ्या हिशेबात बसत नाही.

माझी डावी मूठ 150 रुपयांत बोलायला लागली. रेसिंगला व्हायब्रेशन पूर्ण चालू, बंदुकीच्या गेमला आजही बंद; तिथलं मत बदललेलं नाही. टीपॉयवर आता आईचा क्रोशाचा रुमाल असतो. जेल रोडवाल्याने पाचपैकी चारच स्क्रू परत लावले, पाचवा बहुतेक आतच राहिलाय. कंट्रोलर हलवला की खुळखुळतो.