गावच्या घरापर्यंत व्हीपीएन : नॅट कुठे लावावे, कुठे टाळावे

पणजीत किंवा मडगावात नोकरी आणि फोंडा, डिचोली किंवा सत्तरी तालुक्यात वडिलार्जित घर, अशी गोव्यातील अनेक कुटुंबांची स्थिती आहे. कुळागरातला, म्हणजे घराजवळच्या पोफळीच्या बागेतला, कॅमेरा आणि पंपाचा वायफाय स्विच शहरातून हाताळता यावा, पण तो इंटरनेटवर उघडा राहू नये, यासाठी घरचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी कूटबद्ध खाजगी वाट, हा योग्य मार्ग आहे. नॅट म्हणजे पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यावरचा, पत्ता वाटेत बदलणे. ते कुठे लागते आणि कुठे नको, हे इथे पाहू. या लेखात मी वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रकार गृहीत धरतो. २०२० साली लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून तो कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे आणि ओळख न पटलेल्या पॅकेटला तो उत्तरच देत नसल्याने त्याचे पोर्ट बाहेरून चाचपणाऱ्यास सहज सापडत नाही.

पोर्ट फॉरवर्डिंग की भाड्याचा सर्व्हर

हा निर्णय आवडीचा नसून राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहून घ्यायचा आहे. तो पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा १० ने सुरू होणारा खाजगी असेल, तर सेवादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले आहे, आणि अशा वेळी आपल्या राउटरवर पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरचे पॅकेट तिथपर्यंत पोहोचतच नाही. मग सेवादाराकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा, किंवा एक लहान सर्व्हर भाड्याने घेऊन गावचे घर आणि आपला फोन असे दोघेही त्याला जोडावेत.

वॅन पत्ता सार्वजनिक असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरच्या एका पोर्टवर आलेली पॅकेट आतल्या यंत्राकडे वळवणे, स्वस्त आणि वेगवान पडते. वायरगार्डचे नेहमीचे ५१८२० हे पोर्ट यूडीपी या पद्धतीच्या पॅकेटसाठी उघडायचे असते. टीसीपी ही दुसरी पद्धत निवडल्यास काहीच चालत नाही. सेवादाराच्या फायबर डब्यामागे आपला स्वतंत्र राउटर असेल, तर डबा ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः नॅट न करता पॅकेट पुढे देणाऱ्या स्थितीत, टाकून घ्यावा, नाहीतर नॅट दोनदा होते आणि पोर्टही दोन ठिकाणी उघडावे लागते.

तरीही पावसाळ्याचा विचार करता मला भाड्याचा सर्व्हर अधिक भरवशाचा वाटतो. वीज जाऊन आली की राउटरला बहुधा नवा पत्ता मिळतो. डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलता पत्ता एका ठरावीक नावाशी जोडणारी सेवा, तो नोंदवते खरे, पण वायरगार्ड नावावरून पत्ता फक्त जोडणी सुरू करताना शोधतो, त्यामुळे फोन जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो आणि जोडणी बंद करून पुन्हा चालू करावी लागते. सर्व्हरचा पत्ता मात्र बदलत नाही. वीज येताच घरचा राउटर स्वतःहून त्याला जोडला जातो आणि दर २५ सेकंदांनी पाठवलेले कीपअलाइव्ह पॅकेट मधल्या नॅटमधली वाट उघडी ठेवते. याची किंमत म्हणजे मासिक भाडे, थोडा विलंब, आणि वाहतूक त्या सर्व्हरवर एकदा उलगडून पुन्हा कूटबद्ध होते ही जाणीव. टेलस्केलसारख्या तयार व्हीपीएन सेवेत ही उलगड टळते आणि मांडणीही सोपी असते, परंतु कोणते उपकरण कोणाशी बोलेल याची व्यवस्था दुसऱ्याच्या हाती जाते.

मास्करेड की राउट

खरी निवड इथे आहे. समजा फोनचा व्हीपीएन पत्ता १०.८.०.२ आणि कॅमेऱ्याचा १९२.१६८.७३.२० आहे. मास्करेड हा नॅटचाच एक प्रकार लावल्यास व्हीपीएन चालवणारे यंत्र फोनचा पत्ता झाकून त्या जागी आपला घरचा पत्ता लिहिते. कॅमेऱ्यास मागणी घरातूनच आल्यासारखी वाटते आणि उत्तर विनासायास परत येते. तो न लावता फक्त राउट, म्हणजे कोणते जाळे कोणत्या वाटेने गाठायचे याची नोंद, वापरल्यास कॅमेऱ्यास १०.८.०.२ हाच पत्ता दिसतो आणि तो उत्तर आपल्या गेटवेकडे सोपवतो.

व्हीपीएन गेटवेवर, म्हणजे घरच्या राउटरवरच चालत असेल, तर त्याला १०.८.० ने सुरू होणारे व्हीपीएनचे जाळे ठाऊक असतेच. तिथे घराच्या बाजूला मास्करेड अजिबात लावू नये, कारण त्यामुळे नोंदवहीत प्रत्येक जण राउटरच्याच पत्त्याने दिसतो आणि कोणत्या फोनवरून कॅमेरा उघडला गेला हे कळण्याची सोय उगाच जाते.

व्हीपीएन राउटरमागच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर असेल, तर चित्र उलटे होते. राउटरमध्ये १०.८.० साठी पायकडे जाणारा स्टॅटिक राउट लिहिता येतो, पण मागणी पायकडून थेट कॅमेऱ्याकडे जाते आणि उत्तर राउटरमार्गे येते. संभाषणाची सुरुवात न पाहिलेला फायरवॉल ते उत्तर अवैध समजून टाकून देऊ शकतो, आणि राउट बरोबर असूनही कॅमेरा का उघडत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते. शिवाय सेवादाराच्या डब्यात राउट लिहिण्याची सोय अनेकदा नसते. अशा घरात पायवर मास्करेड हाच शहाणपणाचा पर्याय आहे. काही कॅमेरे आपल्या जाळ्याबाहेरच्या पत्त्याला उत्तरच देत नाहीत, त्यांच्यासाठीही तोच इलाज आहे.

भाड्याच्या सर्व्हरवर मात्र घराकडे जाणाऱ्या वाहतुकीसाठी मास्करेड लावण्याचे कारण नाही. तिथे आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका जोडणीवरून आलेले पॅकेट दुसरीकडे पाठवण्याची सोय, चालू करावे, आणि घराच्या पीअरपुढील, म्हणजे जोडलेल्या यंत्राच्या नोंदीपुढील, ‘अलाउड आयपीज’ या पत्त्यांच्या यादीमध्ये त्याच्या व्हीपीएन पत्त्यासोबत घरचे जाळेही लिहावे.

दोन्ही घरांत एकच पत्ता असल्यास

शहरातले आणि गावचे दोन्ही राउटर १९२.१६८.१ वरच असले, तर फोन कॅमेऱ्याला शहरातल्याच घरात शोधतो. एकास एक नॅट लावून गावचे जाळे दुसऱ्या पट्ट्यात भासवता येते, पण पुढे प्रत्येक उपकरणाचे दोन पत्ते लक्षात ठेवावे लागतात. त्यापेक्षा गावच्या राउटरवर १९२.१६८.७३ सारखा सहसा न वापरला जाणारा पट्टा घ्यावा, आणि तोही कॅमेरे बसवण्यापूर्वी, कारण नंतर प्रत्येकाचा ठरवून दिलेला पत्ता शिडी लावून तपासत बदलावा लागतो.