तिसरी ते पाचवीचं विज्ञान: लेखी पेपर, घरचा प्रोजेक्ट की वर्गातली कृती?

इंदुरातल्या ज्या मैत्रिणींच्या हाती यंदा तिसरी ते पाचवीचा ‘पर्यावरण’ विषय (विज्ञान यातच येतं) आला आहे, त्यांना शिकवायचं कसं यापेक्षा गुण द्यायचे कसे, हा प्रश्न जास्त छळतो. शाळेत साधारण तीन पद्धती चालतात: लेखी पेपर, घरून करून आणायचा प्रोजेक्ट आणि वर्गात आपल्यासमोर केलेली कृती. ज्याला गुण असतात त्याकडेच मुलं लक्ष देतात, त्यामुळे हे सत्राच्या सुरुवातीलाच ठरवावं. माझं मत आधीच सांगते: भर कृतीवर, पेपर लहान, घरच्या प्रोजेक्टला गुणच नकोत.

लेखी पेपरची सोय मोठी आहे. चाळीस पेपर एका बैठकीत तपासून होतात, पालकांना गुण कळतात, वाद होत नाही. शिवाय मध्य प्रदेश राज्याच्या अभ्यासक्रमाच्या शाळांत पाचवीला राज्य शिक्षा केंद्र या सरकारी संस्थेची बोर्ड पॅटर्न परीक्षा असते; लिहायचा सराव नसलेलं मूल तिथे अडतं. पण पेपर नेमकं काय तपासतो ते एका प्रश्नावरून बघा. ‘सावली सर्वांत आखूड केव्हा असते?’ तपासणाऱ्याच्या उत्तरसूचीतलं उत्तर: दुपारी बारा वाजता.

आता फेब्रुवारीच्या मध्यावर शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवा. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सर्वांत आखूड सावली सापडते 12:40 च्या आसपास. बाराची सावली तिच्यापेक्षा साडेतीन-चार सेंटिमीटर लांब भरते. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि इंदूर आहे जवळपास 76 अंशांवर. अंशाला 4 मिनिटं धरली तर 26-27 मिनिटांचा फरक इथेच पडतो. उरलेली चौदा मिनिटं पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे, आणि ती महिन्यागणिक बदलतात. हे सगळं चौथीच्या मुलाला सांगायची गरज नाही. पण ज्याने उन्हात उभं राहून मोजलं तो 12:40 लिहितो आणि त्याचा गुण जातो. ज्याने पाठ केलं त्याला पूर्ण गुण मिळतात. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

भाषेचीही अडचण आहे. आपल्या मुलांची घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि पेपर बहुतेक इंग्रजीत. वारा असला की दोरीवरचे कपडे लवकर का वाळतात, हे मराठीत छान समजावून सांगणारी मुलगी ‘इव्हॅपोरेशन’च्या स्पेलिंगपाशी गुण घालवते.

घरच्या प्रोजेक्टबद्दल थोडक्यात. आदल्या रात्री आई थर्माकोल कापते, बाबा खजुरी बाजारातून चार्ट आणतात, मूल झोपलेलं असतं. गुण मिळतात ते घरच्या पैशाला आणि सवडीला. दुपारपाळी करणाऱ्या आईच्या मुलाने काय करायचं? शाळेने सक्ती केलीच, तर प्रोजेक्ट रद्दी कागदांतून वर्गातच करून घ्या.

आता कृती. तंत्रज्ञानाचा भाग तर दुसऱ्या कशाने तपासताच येत नाही. पुस्तकांच्या दोन थप्प्या वीस सेंटिमीटर अंतरावर ठेवा आणि वहीचा एक कोरा कागद देऊन सांगा, ‘याचा पूल करा, वर नाणी ठेवायची आहेत.’ सपाट कागद लगेच खाली बसतो. कोणी कडा दुमडतं, कोणी सुरळी करतं, कोणी पंख्यासारख्या घड्या घालतं. नाणी किती राहिली याला गुण देऊ नका. पहिला पूल पडल्यावर मुलाने काय बदललं, आणि का, ते टिपा. वहीतली नोंद एवढीच पुरे: ‘दोनदा पडला. मग घड्या घातल्या. म्हणाला, उभी घडी वाकत नाही.’

वेळ लागतो, गोंगाट होतो, हे खरंच आहे. चाळीस मुलांकडे एका तासात बघणं अशक्य, म्हणून पाच-पाचांचे आठ गट करा आणि एका तासाला एकाच गटाच्या नोंदी घ्या. गुण मनाने दिले असा आक्षेप येऊ नये म्हणून तीनच गोष्टी ठरवून घ्या: नीट पाहिलं का, मोजलं का, कारण सांगितलं का.

हे महागड्या शाळांनाच जमतं असंही नाही. होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यात ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी 1972 साली 16 शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांतून विज्ञान सुरू केलं; पुढे 1982 पासून ‘एकलव्य’ने ते सांभाळलं. तिथे लेखी परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी असे. सरकारने 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद केला, पण साध्या सरकारी शाळांत तो तीस वर्षं चालला.

आपला लहान पेपरही तसाच उघड्या पुस्तकाचा करता येतो. ‘सकाळी दहाला काठीची सावली पश्चिमेकडे होती, चारला कुठे असेल, कशावरून?’ याचं उत्तर पुस्तकातून उतरवता येत नाही.

तिसरी-चौथीला मी निर्धास्तपणे कृतीवर विसंबेन. पाचवीला, राज्याची परीक्षा असेल तर, दिवाळीनंतर आठवड्यातून एक तास लिहिण्याच्या सरावाला द्यावाच लागेल. तो काढताना कृतीचे तास कापू नका, प्रोजेक्टचे कापा. पालकसभेत ‘पण मार्क किती?’ असं विचारतीलच. तेव्हा त्या मुलाच्या नोंदींचं पान त्यांच्यासमोर ठेवा. श्रेणी लिहावीच लागली तर जुलैची नोंद आणि जानेवारीची नोंद शेजारी ठेवून लिहा, शेजारच्या बाकावरच्या मुलाशी ताडून लिहू नका.