कॉलेज बास्केटबॉलमध्ये असिस्टंट कोचची नोकरी: डिव्हिजन वन घ्यावी की डिव्हिजन थ्री?

ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता संघाचं काम करणारा विद्यार्थी) म्हणून राबून झालं, पदवी हातात आली आणि एप्रिलच्या धावपळीत दोन ठिकाणांहून विचारणा झाली. एक छोटं डिव्हिजन वन (कॉलेज खेळांच्या तीन स्तरांतला सर्वांत वरचा) विद्यापीठ, तिथे असिस्टंटांच्या उतरंडीत खालची जागा. दुसरं डिव्हिजन थ्रीचं (तिसऱ्या स्तराचं) निवासी कॉलेज, तिथे हेड कोचनंतर थेट तुम्हीच. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या कोचिंगमध्ये शिरलेल्या बऱ्याच जणांपुढे हा पेच कधी ना कधी येतो. माझ्यापुढेही आला होता. मी आधी वनमध्ये काम केलं, आता थ्रीमध्ये आहे. तेव्हा लिहिताना माझा ओढा कुठे आहे ते जाणवेलच, पण वनमध्ये मनापासून रमलेले माझे मित्र आहेत आणि त्यांचं काही चुकलंय असं मला वाटत नाही.

थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, वनमध्ये प्रेक्षक जास्त, प्रवास विमानाने, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ते सोडून देतो.

आधी पैशाचं बोलू, कारण घरचे पहिल्यांदा तेच विचारतात. वनमध्ये पैसा आहे, हे अर्धं खरं. मोठ्या कॉन्फरन्समधल्या (आपसांत मॅच खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातल्या) वरच्या असिस्टंटचा पगार काही लाख डॉलरांत असतो. उतरंडीच्या तळाची गोष्ट वेगळी, आणि तिला जुना इतिहास आहे. खर्च आवरायला म्हणून एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेने) १९९२ पासून डिव्हिजन वनमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड अर्निंग्ज कोच’ नावाची जागा काढली आणि तिची कमाई वर्षाला १६,००० डॉलरवर बांधून टाकली. कोच मंडळी कोर्टात गेली, मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही मर्यादा बेकायदा ठरली, अपिलातही १९९८ साली तेच कायम झालं आणि १९९९ मध्ये एनसीएएला ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. मर्यादा गेली, उतरंड राहिली. जुलै २०२३ पासून पुरुष आणि महिला दोन्ही संघांना आणखी दोन कोच ठेवायची मुभा मिळाली, जे तेव्हाच्या नियमाप्रमाणे सरावात शिकवू शकत होते पण बाहेरगावी रिक्रूटिंगला (नवे खेळाडू शोधून आणायला) जाऊ शकत नव्हते. छोट्या विद्यापीठात या खुर्च्यांवर कमी पगारात बसायला तयार असलेल्यांची रांग लांबच लांब असते.

थ्रीमध्ये तर पुष्कळ जागा अर्धवेळच असतात, थोडं मानधन आणि सोबत दुसरं काहीतरी काम: होस्टेलचं रेक्टरपद, कॉलेजातल्या कॉलेजात होणाऱ्या इंट्राम्युरल स्पर्धा, नाहीतर दुसऱ्या खेळांच्या मॅचची व्यवस्था. अशी जागा घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण घरभाडं कशातून निघणार त्याचा हिशेब आधी मांडा. पूर्णवेळ जागा मिळाली तर मात्र वनच्या तळाच्या जागेत आणि तिच्यात, निदान माझ्या बाबतीत, ऐकून होतो तितकं अंतर नव्हतं. कॉलेजचं गाव लहान, खोली स्वस्त, दुपारचं जेवण मेसमध्ये. हे माझ्यापुरतं सांगतोय. बॉस्टनजवळच्या कॉलेजात गणित नक्कीच बदलेल.

रोजच्या कामात जीव असतो तो स्काउटमध्ये. समोरच्या संघाचा अभ्यास करायचा, क्लिप्स कापायच्या, दोन पानांत ऐवज बसवायचा आणि मुलांपुढे उभं राहून तो त्यांच्या अंगात उतरवायचा. वनमध्ये हे काम वाटलेलं असतं. तिथे मला बऱ्याच दिवसांनी एक स्काउट मिळायचा, तो अगदी घोटून घोटून करायचो आणि मग पुन्हा आपला नंबर यायची वाट पाहायचो. थ्रीमध्ये आमच्या कॉन्फरन्सच्या मॅच शुक्रवार-शनिवार लागोपाठ असतात. म्हणजे आठवड्याला दोन संघ, त्यांतला एक कायम माझा. शुक्रवारची मॅच संपते, मुलं पिझ्झा खातात आणि मी बसच्या पुढच्या सीटवर लॅपटॉप उघडून उद्याच्या संघाचा शेवटचा आठवडा परत बघतो. शनिवारी सकाळी वॉकथ्रू, म्हणजे समोरच्यांच्या चाली सावकाश करून पाहणं. त्यांचा डावखुरा गार्ड बॉल स्क्रीनवरून (सहकाऱ्याने उभं राहून दिलेल्या आडोशावरून) उजवीकडे वळला की दोन ड्रिबलनंतर थांबतो आणि मागे सरकून शॉट घेतो. आमच्या मुलाला मी तेच दाखवतो, स्वतः तो गार्ड होऊन. दोन ड्रिबल, थांब, हात वर. पुन्हा. डाव्या पायावर वजन आलेलं दिसलं की उडू नकोस, तो अजून शॉट घेत नाहीये. दुपारी मॅचमध्ये तो गार्ड तसाच थांबतो, आमचा मुलगा उडत नाही, आणि मला त्या एका पझेशनमध्ये आठवड्याचं भरून पावतं.

हे वनमध्ये होत नाही असं नाही. तिथे व्हिडिओ कोऑर्डिनेटर असतो, ॲनालिटिक्सची माणसं असतात, कामात सफाई जास्त असते. शिकण्यासारखंही खूप असतं, विशेषतः हेड कोच मनाने मोठा असेल तर. पण हात किती चालतो, हे बघायचं तर माझ्या अनुभवात थ्रीचं पारडं जड.

आता ज्या एका गोष्टीने मला खरोखर वैताग आणला, तिच्याकडे येतो: जुलैमधलं ‘दिसायला बसणं’.

उन्हाळ्यात ठरावीक दिवस असे असतात की डिव्हिजन वनचे कोच बाहेरगावच्या क्लब स्पर्धांना जाऊन मुलांचा खेळ पाहू शकतात. नायकेच्या पीच जॅम या स्पर्धेसाठी साउथ कॅरोलिनातल्या नॉर्थ ऑगस्टाला सगळी बडी मंडळी जमतात. आमच्यासारख्यांच्या वाट्याला त्याहून लहान स्पर्धा, एका प्रचंड हॉलमध्ये एकाला एक लागून कोर्टं, सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत शिट्ट्या. नियम असा की पाहायचं, बोलायचं नाही. मुलगा समोरून गेला तरी मान हलवून गप्प राहायचं.

नवी मुलं शोधायला जायचं असेल तर हे दिवस मला सोन्यासारखे वाटतात. पण माझे त्यातले बहुतेक तास गेले ते आम्हाला तोंडी होकार देऊन बसलेल्या मुलांच्या मॅचमध्ये. त्यांच्या खेळात पाहण्यासारखं काही उरलेलं नसायचं. तरी विद्यापीठाचं चिन्ह असलेला टी-शर्ट घालून, वॉर्म-अपमध्ये त्याची नजर पडेल अशा बेसलाइनच्या खुर्चीवर जाऊन बसायचं, कारण दुसऱ्या विद्यापीठाचा कोणी बसला आणि आम्ही नाही बसलो तर होकार डळमळतो. समोरच्या बाकावर त्याचे वडील. ते मॅच बघतात आणि अधूनमधून आमच्या खुर्च्याही. शेजारच्या कोर्टावर एक सडपातळ पोरगा दिसायचा, बॉल नसतानाही नेमका रिकाम्या जागेत सरकणारा, हेल्प डिफेन्समध्ये (सहकाऱ्याच्या मदतीला धावताना) एक पाऊल आधी पोहोचणारा. त्याचं नाव काय, कुठल्या शाळेचा, कोणी विचारलंय का, हे बघायला मला उठायचं असायचं. उठता येत नसे. तेवढ्यात फोनवर होकार दिलेल्या मुलाबद्दल हेड कोचचा मेसेज: त्याला दिसलास का?

काम कष्टाचं म्हणून हे खटकलं नाही, कष्ट दोन्हीकडे तेवढेच आहेत. खटकलं ते अशासाठी की मी कोच म्हणून जे शिकलो होतो, त्यातलं काहीच त्या खुर्चीवर लागत नव्हतं. आणि पुढे चित्र आणखी बिघडलं. ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, २०२१ पासून एकदा बदली करताना वर्षभर बाहेर बसायची अट गेली, २०२४ मध्ये कितीही वेळा बदलीची वाट मोकळी झाली. २०२१ च्या जुलैपासून आपलं नाव आणि प्रतिमा जाहिरातीत वापरू देण्याचे पैसे खेळाडूंना घेता येऊ लागले आणि २०२५ मधल्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट खेळाडूंना वाटा देऊ लागली. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचा पैसा मिळतोय हे मला मनापासून योग्य वाटतं. पण छोट्या विद्यापीठाच्या असिस्टंटला त्याचा अर्थ असा की ज्याच्यासाठी जुलैभर खुर्ची धरली, ज्याला हिवाळाभर क्लोजआउट (शॉट घेणाऱ्यावर वेळेत धावून जाणं) शिकवला, तो चांगला निघाला तर मोसम संपताच मोठ्या संघात जातो. मग पुन्हा नवा संच आणि पुन्हा जुलै.

थ्रीमध्येही आम्ही मुलांच्या मागे फिरतोच. पण फिरणं वेगळं. बोलण्यावरची बंधनं सैल आहेत, त्यामुळे मॅच झाल्यावर मुलाशी आणि घरच्यांशी दोन शब्द बोलता येतात. शिष्यवृत्ती द्यायची नाही, तेव्हा बोलणं आपोआप शिक्षणावर येतं: कुठला विषय, आर्थिक मदत किती मिळू शकेल, प्रवेश विभागाला आधी मार्क दाखवून अंदाज घेऊया का. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात एखाद्या देशी घरात गेलो की हे हमखास होतं. पोराला पॉइंट गार्ड व्हायचंय आणि आईचा प्रश्न मेडिकलला जाणाऱ्यांना प्रयोगशाळेच्या वेळेत सराव बुडवू देता का. देतो. तिला ते खरं वाटेपर्यंत बसून सांगायला मला आवडतं. आणि असा आलेला मुलगा बहुतेकदा चार वर्षं राहतो. पहिल्या वर्षी ज्याला झोनमध्ये (जागा वाटून केलेल्या बचावात) कुठे उभं राहायचं कळत नव्हतं, तो चौथ्या वर्षी नव्या मुलांना हाताला धरून जागेवर आणतो.

थ्रीतही गळती नाही असं मात्र नाही. डंकन रॉबिन्सन २०१४ मध्ये विल्यम्स कॉलेजकडून डिव्हिजन थ्रीची फायनल खेळला, त्याचे कोच डिव्हिजन वनच्या मारिस्टला गेले, तो मिशिगनला गेला आणि तिथून एनबीएत. असा मुलगा गेला तर वाईट वाटावं की अभिमान, दोन्ही वाटतं.

वर जायची आकांक्षा असेल तर? इथे मला वनच्या बाजूने बोलावं लागेल. टॉमी लॉइड स्वतः व्हिटमन या डिव्हिजन थ्री कॉलेजात खेळले, पण असिस्टंट म्हणून २००१ ते २०२१ अशी वीस वर्षं गोंझागात राहिले, परदेशी मुलं हेरण्यात त्यांचा हातखंडा होता. मग ॲरिझोनाचे हेड कोच झाले आणि पहिल्याच मोसमात ३३ मॅच जिंकले. ब्रॅड स्टीव्हन्स डिपॉव या डिव्हिजन थ्री कॉलेजात खेळले आणि औषध कंपनीतली नोकरी सोडून २००० साली बटलरला आले. २००७ मध्ये ते तिथे हेड कोच झाले, २०१० आणि २०११ मध्ये संघाला फायनलला नेलं. दोघांच्याही बाबतीत असिस्टंट म्हणून घालवलेली वर्षं वनमधलीच. थ्रीतून थेट वर चढलेल्यांत बो रायन यांचं नाव घेतात, पण ते प्लॅटव्हिलला हेड कोच होते आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं खात्यावर होती. मोठ्या विद्यापीठाची हेड कोचची खुर्ची हेच तुमचं स्वप्न असेल, तर थ्रीमध्ये फार काळ थांबू नये असं मलाही वाटतं.

फक्त एक लक्षात असू द्या. वनमध्ये हेड कोचला काढलं की बहुतेकदा सगळा स्टाफ त्याच्याबरोबर जातो. तुम्ही तुमचं काम कितीही चोख केलेलं असो. मग फायनल फोरच्या (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या मॅचच्या) वेळी कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं, तिथल्या हॉटेलच्या लॉबीत ओळखीच्या माणसाची वाट बघत उभं राहायचं. मागे कुटुंब असेल, मुलं शाळेत असतील, तर हे पाठीवरचं बिऱ्हाड जड जातं. डीन स्मिथ यांच्या हाताखाली बिल गथ्रिज तीस वर्षं असिस्टंट राहिले आणि मग नॉर्थ कॅरोलिनाचे हेड कोच झाले, हे खरं, पण तसा हेड कोच आणि तसा काळ कितीजणांच्या वाट्याला येणार.

भारतातून आलेल्यांसाठी व्हिसाचा मुद्दा वेगळा लिहितो. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर ग्रॅज्युएट असिस्टंट असताना सत्र चालू असेतो आठवड्याला वीस तासांचीच परवानगी असते आणि या कामाची भूक त्याहून फार मोठी असते, म्हणून पहिल्याच दिवशी हेड कोचला स्पष्ट सांगा. नंतर कॉलेज-विद्यापीठांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांना वार्षिक मर्यादा आणि लॉटरी लागू नाही, ही मोठी सोय आहे, पण त्यासाठी नियमाप्रमाणे पगार असलेली खरी नोकरी लागते. मानधनाच्या अर्धवेळ जागेवर घोडं इथेच अडतं. या एका कारणासाठी वनची पूर्णवेळ जागा आणि थ्रीची अर्धवेळ अशी निवड असेल, तर वन घ्या, माझी आवड बाजूला ठेवून सांगतो.

थ्रीची पूर्णवेळ ऑफर आली असेल तर होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: पगार बारा महिन्यांचा की दहा, आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून आहे का, आणि बास्केटबॉलशिवायचं दुसरं काम नेमकं कोणतं आणि मोसमात त्याचे किती तास. वनची असेल तर हेड कोचच्या कराराची किती वर्षं उरलीत ते विचारा, सार्वजनिक विद्यापीठाचा करार बहुधा मागून पाहताही येतो. आणि दोन्हीकडे मुलाखतीत हे विचाराच: पुढच्या मोसमात माझ्या वाट्याला किती स्काउट येतील?